स्पटर केलेल्या एलसीओ फिल्मची कपॅसिटी निम्मीच येते? फिल्म फेकून देण्याआधी हे क्रमाने बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची, म्हणजे आपल्या एलसीओची, अर्धा ते दोन मायक्रॉन जाडीची फिल्म स्पटर केली (व्हॅक्यूममध्ये प्लाझ्माने टार्गेट नावाच्या चकतीतले अणू उडवून सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, थर बसवला), भट्टीत अनील केली, म्हणजे तापवून स्फटिक केली, तिला कॅथोड धरून लिथियमसमोर सेल बांधला आणि मग यातलं काहीतरी दिसतं:

- पहिल्याच डिसचार्जला कपॅसिटी हिशोबाच्या निम्मी, कधी त्याहून कमी
- ३.९ व्होल्टजवळ जो सपाट भाग यायला हवा तो येतच नाही, किंवा तिरका होऊन ३.६-३.७ कडे घसरलेला असतो
- चार्जिंगला करंट भरपूर खातो पण डिसचार्जला तेवढं परत देत नाही
- सावकाश चालवलं तर बरं चालतं, करंट वाढवला की एकदम कोसळतं
- पहिल्या पाच-दहा सायकल मस्त, मग रोज थोडं थोडं खाली
- एकाच बॅचच्या तीन सेलचे तीन वेगळे आकडे

हा फॉल्ट मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता कोणी ग्राफ दाखवला की मी फिल्मबद्दल विचारतच नाही, आधी टेस्टरची रेंज विचारतो. कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा फिल्म ठीकच असते, मोजण्यात किंवा कॉन्टॅक्टमध्ये घोळ असतो, आणि फिल्म खरंच बिघडलेली असली तरी ती बहुतेक वेळा स्पटरिंगमध्ये नाही, भट्टीत बिघडलेली असते. पण होतं काय, की आकडा खराब आला की माणूस थेट स्पटरिंगचं प्रेशर बदलायला जातो, पॉवर बदलतो, दोन महिने जातात आणि मूळ कारण तिथेच बसून राहतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका, सोपं आणि फुकटचं आधी.

हिशोब परत करा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. एलसीओची डेन्सिटी सुमारे ५.०५ ग्रॅम प्रति घनसेंमी. सगळं लिथियम काढलं तर २७४ मिलिअँपिअर-अवर प्रति ग्रॅम, पण ४.२ व्होल्टपर्यंत आपण साधारण अर्धंच काढतो, म्हणजे १३७ धरा. एक चौरस सेंमी, एक मायक्रॉन जाड फिल्मचं वजन होतं अर्धा मिलिग्रॅम आणि कपॅसिटी सुमारे ६९ मायक्रोअँपिअर-अवर. हा ६९ चा आकडा पाठच करून टाका.

आता तुमची जाडी कुठे मोजली होती ते आठवा. फिल्म मधोमध जाड आणि कडेला पातळ असते, आणि प्रोफाइलोमीटरसाठी, म्हणजे सुई फिरवून जाडी मोजणाऱ्या यंत्रासाठी, पायरी आपण नेमकी एकाच ठिकाणी ठेवतो. मास्कच्या, म्हणजे फिल्मचा आकार ठरवणाऱ्या झाकणपट्टीच्या, कडेखाली फिल्म निमुळती होते ते वेगळंच. क्षेत्रफळाचं पण तेच, १० मिमी व्यासाचा गोल म्हणजे ०.७८५ चौरस सेंमी, एक नाही, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांच्या वहीत बघितली आहे. जाडीत १५ टक्के आणि क्षेत्रफळात २० टक्के चुकलं की "तीस टक्के कपॅसिटी गायब" हे कोडं तिथेच सुटतं.

टेस्टरची रेंज

हे सगळ्यात जास्त वेळा निघतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. ६९ मायक्रोअँपिअर-अवरची फिल्म सी-बाय-टेनला, म्हणजे दहा तासांत पूर्ण रिकामी होईल इतक्या करंटने, चालवायची म्हणजे करंट झाला ७ मायक्रोअँपिअर. तुमचा बॅटरी टेस्टर जर १० मिलिअँपिअरच्या रेंजवर असेल आणि त्याची अचूकता फुल स्केलच्या ०.१ टक्का असेल, तर ती चूकच १० मायक्रोअँपिअरची झाली. म्हणजे तुम्ही ७ सेट केलेत आणि प्रत्यक्षात सेलमधून १७ जातायत का ३ उलटे जातायत हे कोणालाच माहीत नाही, आणि स्क्रीनवर मात्र शांतपणे ७.००० दिसतंय. १ मिलिअँपिअरच्या रेंजवर हीच चूक १ मायक्रोअँपिअर होते, तरी ती करंटच्या १४ टक्के आहेच. नेहमीच्या पावडर-पेस्टच्या इलेक्ट्रोडला हे जाणवत नाही कारण तिथे करंट शेकडो मायक्रोअँपिअरचा असतो, पण थिन फिल्मला हीच गोष्ट मारते.

तपासायचं कसं, तर सेलच्या जागी १०० किलोओहमचा चांगला रेझिस्टर लावा आणि ७ मायक्रोअँपिअर सोडा, ०.७ व्होल्ट यायला हवेत. उलट दिशेनेही करा. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर ऑफसेट आहे, आणि "चार्ज जास्त डिसचार्ज कमी" हे लक्षण कित्येकदा एवढ्यानेच समजतं. चॅनेल बदला, लहान रेंजचा घ्या.

सेल न उघडता कळणारं

चार्जिंग ४.२ ला पोचलं की तिथेच व्होल्टेज धरून ठेवा, करंट सी-बाय-फिफ्टीपर्यंत उतरू द्या, मग अगदी हळू डिसचार्ज करा. हरवलेली कपॅसिटी परत आली तर लिथियम फिल्ममध्ये आहे, फक्त वाट अवघड आहे, म्हणजे रेझिस्टन्स किंवा डिफ्यूजन. परत आलीच नाही तर मटेरियलच नाही तिथे, किंवा आहे पण दुसऱ्याच फेजमध्ये आहे, किंवा फिल्मचा तो तुकडा करंट कलेक्टरपासून, म्हणजे खालच्या करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या थरापासून, तुटलाय. ही एक चाचणी पुढचा अर्धा रस्ता ठरवते म्हणून तिला दिवस लागला तरी करा.

मग करंट सुरू केल्याच्या क्षणी व्होल्टेज किती उडी मारतं ते बघा. १० मायक्रोअँपिअरला ५० मिलिव्होल्टची उडी म्हणजे ५ किलोओहम, आणि एवढा रेझिस्टन्स द्रव इलेक्ट्रोलाइटच्या सेलमध्ये असायचं काही कारण नाही, कॉन्टॅक्ट बघा. क्लिप घासून पुसून परत लावा, होल्डर बदला.

आणि तीन सेल एकाच फिल्मच्या तुकड्यांतून बांधा. तिघांचे आकडे दहा टक्क्यांच्या पलीकडे विखुरले तर फिल्मच्या गुणधर्मांबद्दल काही बोलूच नका, तुमची बांधणी अजून बसलेली नाही.

करंट कुठे गळतोय

यासाठी एक सेल खर्च होतो, पण एकदाच करायचंय. सगळं तेच, फक्त फिल्म नाही, नुसता प्लॅटिनम चढवलेला सबस्ट्रेट. ४.२ ला धरून ठेवा आणि करंट स्थिरावू द्या. तिथे १ मायक्रोअँपिअर जरी सतत वाहत असला तरी तुमच्या ७ मधला तो सातवा हिस्सा झाला, आणि तो दर सायकलला चार्जिंगमध्ये मिळवला जातो. उघडा प्लॅटिनम वरच्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट जाळत राहतो, म्हणून फिल्मने प्लॅटिनम पूर्ण झाकायला हवा, कडा उघड्या नकोत. कॉइन सेलची स्टीलची डबी पण ४ व्होल्टच्या वर थोडी थोडी गंजते, मोठ्या इलेक्ट्रोडला ते पचतं, आपल्याला पचत नाही.

इथेच सिल्व्हर पेस्टची गोष्ट सांगायची आहे. काच किंवा ॲल्युमिनासारख्या इन्सुलेटिंग सबस्ट्रेटवर फिल्म असली की कॉन्टॅक्ट वरच्या बाजूने काढावा लागतो, आणि सगळ्यात सोपं म्हणजे सिल्व्हर पेस्टचा ठिपका. मी पण तेच केलं होतं. पहिल्या चार सायकल छान, पाचवीपासून घसरण, आणि मी तीन आठवडे अनीलिंगचं तापमान वरखाली करत बसलो. शेवटी सेल उघडला तर लिथियमच्या चकतीवर, बरोबर त्या ठिपक्याच्या समोर, नखाएवढा काळपट करडा डाग, आणि पेस्टचा ठिपका कडेने खाल्लेला. चांदी लिथियमच्या तुलनेत ३.८ व्होल्टच्या आसपास विरघळायला लागते, आणि आपण ४.२ पर्यंत जातोय. तांबं तर त्याच्याही आधी, ३.४-३.५ लाच. म्हणजे इलेक्ट्रोलाइटला लागेल अशा जागी चांदी नको, तांबं नको. प्लॅटिनमची पट्टी मास्कने बाहेरपर्यंत काढा, किंवा ॲल्युमिनियम फॉइल दाबून कॉन्टॅक्ट घ्या.

पाण्याचं थोडक्यात. इलेक्ट्रोलाइटची बाटली कधी उघडली ते तिच्यावर लिहिलंय का? एलआयपीएफ६, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं मीठ, आणि पाणी एकत्र आले की हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतं आणि ते कोबाल्ट विरघळवतं, आणि अर्ध्या मिलिग्रॅमच्या फिल्मला जायला असा किती वेळ लागणार. फिल्म बाहेर हवेत पडून राहिली असेल तर तिच्यावर लिथियम कार्बोनेटचा थर येतो, तो व्हॅक्यूममध्ये १२० ला तापवून जात नाही, फक्त पाणी जातं. म्हणून भट्टीतून काढली की सरळ ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत.

आता फिल्म

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच फिल्मवर संशय घ्या. त्यातही पहिलं काम मायक्रोस्कोपखाली, साधा ऑप्टिकल चालेल, उजेड तिरका पाडून बघा. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांचं जाळं दिसलं तर कारण बहुतेक वेळा सबस्ट्रेटमध्ये आहे. एलसीओ तापल्यावर दर डिग्रीला दहा लाखात सुमारे १३ भाग वाढतो, सिलिकॉन फक्त २.६. ७०० डिग्रीवरून थंड होताना हा फरक जवळपास ०.७ टक्के ताण बनून फिल्मवर बसतो, आणि जाड फिल्म तो सोसू शकत नाही. दर मिनिटाला एक-दोन डिग्रीने थंड केलं तर धक्का कमी बसतो, पण हा मूळ फरक काही मिटत नाही, त्यासाठी ॲल्युमिनासारखा जवळचा सबस्ट्रेट घ्या किंवा जाडी कमी करा. गंमत अशी की द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये भेगाळलेली फिल्म सुरुवातीला उलट जास्त चांगली चालते, कारण भेगांतून इलेक्ट्रोलाइट आत जातो आणि लिथियमला जवळची वाट मिळते, मग सायकलिंगमध्ये फिल्म फुगते-आकसते, तुकडे सुटतात आणि "पहिल्या दहा सायकल मस्त" हे लक्षण तयार होतं. त्यामुळे सुरुवातीच्या चांगल्या आकड्यावर खूश होऊन तिथेच थांबू नका.

मग सायकलिंगच्या डेटावरूनच डीक्यू-डीव्हीचा, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला किती कपॅसिटी मिळते याचा, ग्राफ काढा, यालाही खर्च नाही. नीट स्फटिक झालेल्या थरदार एलसीओला ३.९ ला मोठं टोकदार पीक येतं आणि ४.०७ आणि ४.१८ च्या आसपास दोन लहान. ती दोन लहान पीकं दिसली की मी निश्चिंत होतो. ती नसतील आणि ३.४ ते ३.७ मध्ये पसरट उंचवटा असेल तर फिल्म कमी तापमानाच्या, स्पिनेलसारख्या फेजमध्ये अडकलेली आहे. ताजी स्पटर केलेली फिल्म तशीही अर्धवट स्फटिकच असते, तिला थरदार रचनेत आणायचं काम भट्टीचं, आणि त्यासाठी साधारण ७०० डिग्री आणि ऑक्सिजन किंवा हवा लागते.

आणि भट्टी खोटं बोलते. डिस्प्लेवर ७०० दिसतंय म्हणजे नमुना ७०० ला आहे असं नाही. एकदा सलग चार बॅचना हाच पसरट उंचवटा येत होता, शेवटी नळीत दुसरा थर्मोकपल घालून नमुन्याच्या जागी टेकवला तर तिथे ६१० निघाले, कारण बोट, म्हणजे नमुना ठेवायची लांबट तबकडी, दर वेळी थोडी बाहेरच्या बाजूला ठेवली जात होती. तेव्हापासून नळीवर खूण करून ठेवली आहे. बोट क्वार्ट्‌झची असेल तर ती पण बदला, लिथियम सिलिकाशी भिडतं, ॲल्युमिनाची घ्या. लिथियम उडूनही जातं, त्यासाठी शेजारी थोडी एलसीओ पावडर ठेवून वर झाकण घालायचं, साधा उपाय आहे आणि चालतो.

करंट कलेक्टरही याच तापमानातून जातो हे विसरू नका. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीलाच वितळतं त्यामुळे तो पर्यायच नाही. प्लॅटिनमखालचा टायटॅनियमचा चिकटवणारा थर जाड असेल तर तो ऑक्सिजनमध्ये फुगून प्लॅटिनमला फोड आणतो. आणि खाली उघडा सिलिकॉन असेल तर लिथियम सरळ त्यात शिरतं, मध्ये सिलिकॉन ऑक्साइड किंवा नायट्राइडचा थर हवाच.

यानंतर रामन (विखुरलेल्या लेझरवरून पदार्थ ओळखायचा) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांवरून स्फटिकाची रचना बघायची). रामन आधी, कारण पटकन होतं. ४८५ आणि ५९५ ला दोन पीकं म्हणजे एलसीओ, ६९० च्या आसपास तिसरं उभं राहिलं तर कोबाल्ट ऑक्साइड, म्हणजे लिथियम कमी पडलंय. एक्सआरडीत कोबाल्ट ऑक्साइड पकडायला जाऊ नका, त्याचं मुख्य पीक ३६.८ अंशाला आणि एलसीओचं १०१ (असे तीन आकडे म्हणजे स्फटिकातल्या पातळ्यांची नावं) तिथेच ३७.४ ला, पातळ फिल्ममध्ये दोन्ही मिसळून जातात.

एक्सआरडी हवा तो ओरिएंटेशनसाठी. तांब्याच्या किरणांवर १८.९ अंशाला ००३, ३७.४ ला १०१ आणि ४५.२ ला १०४. नुसतं ००३ उंच आणि बाकी काहीच नाही म्हणजे लिथियमचे थर सबस्ट्रेटला समांतर झोपलेत, वरून येणाऱ्या लिथियमला आत शिरायला वाटच नाही, कणांच्या सीमेवरून वळसे घालत जावं लागतं. १०१ किंवा १०४ असेल तर थर तिरके उभे असतात आणि लिथियम सरळ आत जातं. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत, जिथे लायपॉन, म्हणजे लिथियम फॉस्फरस ऑक्सिनायट्राइड हा घन इलेक्ट्रोलाइट, तयार झाला, तिथल्याच कामातून हेही पुढे आलं की साधारण एक मायक्रॉनच्या आतल्या फिल्म ००३ कडे झुकतात आणि जाड फिल्म १०१-१०४ कडे, पातळ असताना पृष्ठभागाची ऊर्जा ठरवते आणि जाड झाली की आतला ताण.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यात बघा. लिथियमला फिल्म ओलांडायला लागणारा वेळ म्हणजे ढोबळमानाने जाडीचा वर्ग भागिले डिफ्यूजन कोएफिशंट. एक मायक्रॉन आणि १० चा उणे ११ वा घात, चौरस सेंमी प्रति सेकंद, धरला तर १००० सेकंद, म्हणजे पाव तासाच्या थोडं वर, १सी ला चालेल. तोच कोएफिशंट शंभर पटीने पडला की एक लाख सेकंद, २८ तास! मग सी-बाय-टेनला सुद्धा फिल्मचा खालचा भाग रिकामाच बसून राहणार. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. म्हणजे तुमचं लक्षण "सावकाश बरं, जोरात कोसळतं" असेल, कॉन्टॅक्ट चांगला असेल आणि एक्सआरडीत फक्त ००३ असेल, तरच ओरिएंटेशनला दोष द्या. त्या तीन गोष्टी एकत्र नसतील तर नका देऊ, हे कारण ऐकायला भारी वाटतं म्हणून लोक फार लवकर त्याच्याकडे जातात.

लायपॉनवाला सॉलिड सेल असेल तर

लायपॉनची वाहकता २५ डिग्रीला सुमारे २ गुणिले १० चा उणे ६ वा घात, एकक सीमेन्स प्रति सेंमी, म्हणजे एक मायक्रॉन थराला ५० ओहम चौरस सेंमी. इम्पीडन्सच्या ग्राफमध्ये (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजलेला रेझिस्टन्स) पहिलं अर्धवर्तुळ साधारण एवढं आलं तर लायपॉन बरा आहे. त्यानंतर हजारो ओहमचं दुसरं अर्धवर्तुळ दिसलं तर एलसीओ आणि लायपॉनची सीमा खराब झाली आहे, लायपॉन स्पटर करताना खालच्या फिल्मला मार बसतो म्हणून. २०० डिग्रीच्या आसपास थोडा वेळ तापवल्यावर हे बरंच सुधारतं, पण लिथियम चढवण्याच्या आधीच, कारण लिथियम १८० लाच वितळतं. ओपन सर्किटला व्होल्टेज शून्य, किंवा चार्ज करून ठेवल्यावर आपोआप ढासळतंय, तर लायपॉनमध्ये पिनहोल आहे, आणि त्याचं मूळ बहुधा खाली कॅथोडवरच्या एखाद्या खड्ड्यात, कणात किंवा भेगेत सापडेल. तो सेल दुरुस्त होत नाही.

इथे थांबा

रामनमध्ये कोबाल्ट ऑक्साइड सतत येतंय, भट्टी तपासून झाली, झाकण घालून झालं, तरी येतंय, तर आता लिथियम-कोबाल्टचं खरं प्रमाण मोजावं लागेल. फिल्म विरघळवून आयसीपीवर, म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, ते काम होतं आणि ते ज्यांचं रोजचं काम आहे त्यांच्याकडेच द्या, अर्ध्या मिलिग्रॅममध्ये घरगुती मोजणी करून काही हाती लागत नाही. प्रमाण कमी निघालं तर टार्गेटमध्ये जास्तीचं लिथियम घेऊन नवीन टार्गेट बनवून घ्यायचं.

टार्गेटला तडा दिसला, रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे प्लाझ्मात न जाता परत येणारी आरएफ पॉवर, वाढत चाललीय, किंवा चेंबरचा व्हॅक्यूम पूर्वी पोचायचा तिथे पोचत नाही, तर मशीनच्या इंजिनिअरला बोलवा. आरएफ पॉवर सप्लाय आणि मॅचिंग बॉक्सचं झाकण स्वतः उघडायचं नाही, बंद केल्यावरही आत चार्ज राहतो. ग्लोव्हबॉक्समध्ये पाणी किंवा ऑक्सिजन १ पीपीएमच्या वर जाऊन खाली येत नसेल तर तिथेही काम थांबवून सर्व्हिसवाल्याला फोन करा, तोवर बांधलेला एकही सेल मोजू नका.

सेल उघडताना हायड्रोफ्लोरिक ॲसिडची शक्यता धरूनच चाला, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवा, आणि त्वचेला लागल्याची शंका जरी आली तरी भरपूर पाण्याने धुवायला घ्या, मग जेल लावा आणि दुखायची वाट न बघता डॉक्टरकडे जा, कारण वेदना उशिरा सुरू होतात. लिथियमने पेट घेतला तर पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा फवारा पण नाही, धातूच्या आगीसाठीचाच विझवणारा, आणि तो जवळ नसेल तर बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवा.